पाठबळाचं वाण

बार्शीच्या पुनर्वसन केंद्रात त्या वर्षी संक्रांतीला बायकांनी जे वाण वाटलं, ते पिशवीत घालून घरी नेता येण्यासारखं नव्हतं. ते सुचलं होतं वैजयंता काशीदला, आणि सुचल्याचा तिला अभिमानही वाटला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे तिने स्वतःला त्यापायी कधी माफ केलं नाही, तेव्हा आपणही तिला पाठीशी घालण्यात अर्थ नाही.

वैजयंताचा नवरा शशिकांत याचं स्टँडमागे केशकर्तनालय होतं, तीस वर्षांचं. त्याच्या वस्तऱ्याखाली मान टाकून घोरणारी गिऱ्हाइकं होती, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र न्हाव्याला कोण देणार? दसऱ्यानंतर एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून वस्तरा गळून पडला. लकव्याचा झटका. बोलणं महिन्यात परत आलं, पाय परत आला. उजवा हात मात्र खांद्यापासून वाळत घातलेल्या टॉवेलासारखा लोंबत राहिला.

त्याच सुमारास ते इंजेक्शन सरकारी योजनेत आलं. मोठ्या माणसाच्या मेंदूत चेतापेशींभोवती एक बारीक जाळी विणलेली असते. लहानपणी ती विरळ असते, म्हणून मूल पडत-धडपडत का होईना, बघता बघता चालायला शिकतं. मोठेपणी ती घट्ट होते, म्हणून शिकलेलं टिकतं आणि नवं शिकणं जड जातं. इंजेक्शनाने ती जाळी विरघळायची, नव्वद दिवसांपुरती. तेवढ्या मुदतीत मेंदूचा शाबूत भाग मेलेल्या भागाचं काम अंगावर घेऊ शकत होता. एक्याण्णवाव्या दिवसापासून जाळी पुन्हा विणली जायची, पहिल्यापेक्षा चिवट, आणि दुसऱ्यांदा ती कशालाच दाद देत नसे. नव्वद दिवसांत हात जिथवर येईल तिथवर तो तुमचा, त्यापुढे नाही.

इंजेक्शन फुकट, कोपराखाली बांधायचा पट्टा फुकट, आणि पट्ट्याबरोबर येणारा ‘आमराई’ नावाचा खेळही फुकट. फुकट म्हणजे फोनवरचं सगळं जसं फुकट असतं तसं. पट्टा स्नायूंमधली क्षीण वीज ओळखायचा. पेशंटने हात उचलायचा नुसता प्रयत्न केला तरी पडद्यावरचा हात तेवढ्यापुरता हलायचा, झाडावरच्या आंब्याकडे जायचा, पोचला तर तोडून पाटीत ठेवायचा. त्याच क्षणी पट्टा शिरेला बारीकसा चिमटा द्यायचा. तो चिमटा आणि तो प्रयत्न यांची सांगड बसली की मेंदूत नवी जोडणी होते, असं त्यामागचं शास्त्र. पट्टा खेळाशिवाय चालू होत नसे, आणि एका इंजेक्शनावर एकच खातं.

या खेळात ‘पाठबळ’ नावाची एक सोय होती. पेशंटचा जोर कमी पडला की पाठबळ आपोआप खर्च व्हायचं आणि पडद्यावरचा हात उरलेलं अंतर स्वतःहून कापायचा. नारळाच्या किमतीत एक थैली. पेशंट हरायला लागला की घरच्यांच्या फोनवर निरोप यायचा : “शशिकांतराव आज हरत आहेत. त्यांना पाठबळ द्याल?”

कोणती बायको नाही म्हणेल?

पहिले आठ-दहा दिवस शशिकांतने एकही आंबा तोडला नाही. हात फांदीपर्यंत जायचा आणि थरथरून खाली यायचा. एका दुपारी त्याने डाव्या हाताने पट्टा ओरबाडून काढला.

“माझ्यानं न्हाई व्हायचं हे. उगं कशाला लहान लेकरागत खेळवायलाव मला?”

वैजयंताने त्याच्या नकळत एक थैली घेतली. दुसऱ्या दिवशी पहिला आंबा पाटीत पडला, तेव्हा हा सत्तावन्न वर्षांचा माणूस असा काही हसला की तिने तोंड फिरवून डोळे पुसले. मग दर दोन दिवसांनी एक थैली. केंद्राच्या फिजिओथेरपिस्ट अस्मा मॅडमना तिने विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, अधूनमधून चालेल, पेशंटचा हुरूप टिकतो, कंपनीनेही तसं लिहून दिलंय. अस्मा मॅडम काही खोटं बोलल्या नाहीत. अधूनमधून चाललंही असतं.

संक्रांत आली. केंद्रात त्या तुकडीची बावीस घरं होती, आणि रोज बाकड्यावर बसून बसून बायकांची चांगली गट्टी जमली होती. हळदीकुंकू केंद्रातच करायचं ठरलं.

“प्लॅस्टिकचे डबे आन् चाळण्या किती दिवस वाटायच्या?” वैजयंता म्हणाली. “घरात माळा भरलाय नुसता. त्यापेक्षा एकमेकींच्या माणसाला पाठबळ देऊ की. सौभाग्याचंच वाण हाय ते.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. यादीही वैजयंतानेच केली. प्रत्येकीने प्रत्येकीला थैल्या दिल्या. मग कुणी दोन दिल्या म्हणून तिला तीन परत, कुणाच्या भावजयीने गावाहून पाठवल्या म्हणून तिकडून उलट आहेर. आपल्याकडे देणाऱ्याचं देणं तसंच ठेवून घ्यायची पद्धत नाही. खेळ बनवणाऱ्यांनी सगळे हिशेब केले असतील, पण बार्शीच्या बायकांची परतफेड त्यांच्या स्वप्नातही आली नसेल.

यादीत एक नाव नव्हतं. निर्मला घोडके डाळमिलमध्ये कामाला होती, थैल्या विकत घेणं तिला परवडणारं नव्हतं. तिचा सव्वीस वर्षांचा मुलगा सोमनाथ गाडीवरून पडला होता, डोक्याला मार लागून त्याचाही उजवा हात गेला होता. निर्मलाचा नवरा आठ वर्षांपूर्वी वारला होता. तिच्या हातावर सगळ्यांनी तिळगूळ ठेवला. वाण कुणी दिलं नाही, आणि यावर कुणी बोललंही नाही. अशा गोष्टी बोलून करायच्या नसतातच.

पुढचा महिना केंद्राला सोन्याचा गेला. शशिकांत दिवसाला तीनशे आंबे तोडायला लागला. बार्शी केंद्र जिल्ह्यात पहिलं आलं, भिंतीवर फोटो लागले. यादीत सगळ्यांत खाली सोमनाथ घोडके. त्याचे आंबे पाटीबाहेरच पडत होते.

फेब्रुवारीत मधली तपासणी झाली. ती खेळावर होत नाही, खऱ्या वस्तूंवर होते. अस्मा मॅडमनी टेबलावर स्टीलचा रिकामा पेला ठेवला.

“काशीदकाका, उचला.”

“ह्यात काय मोठं?” शशिकांत म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

म्हणजे, केला असं त्याला वाटलं. हात मांडीवरून चार बोटं वर आला आणि थांबला. त्याने हाताकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. पुन्हा प्रयत्न केला. पेला होता तिथेच राहिला. वैजयंताला वाटलं, आज दमला असेल. मग एकामागून एक बाकीचे आले, आणि कुणाचाच पेला हलेना. शेवटी सोमनाथ आला. त्याने पेला उचलला, खाली ठेवला, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी शर्टाचं वरचं बटण उजव्या हाताने लावून दाखवलं.

अस्मा मॅडमनी दोन दिवस सगळ्यांच्या पट्ट्यांच्या नोंदी तपासल्या आणि बायकांना बोलावून घेतलं. त्या दिवशी निर्मलाची मिलमध्ये पाळी होती, ती आली नाही.

“चूक मलाही कळली नाही, आधी ते सांगते,” अस्मा मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “हात हवा तिथे पोचला नाही की मेंदूला चुकल्याचं कळतं. तो पुढच्या वेळी वेगळी वाट शोधतो, जास्त जोर लावतो. शिकणं म्हणजे हेच. हरण्यातून ते होतं. तुमच्या माणसांच्या मेंदूला मात्र रोज तीनशे वेळा दिसलं, की हात पोचला. काम झालंय म्हटल्यावर तो कशाला धडपडेल? उलट तो हे शिकला, की एवढासा जोर पुरतो.”

“मग बंद करा ना ते पाठबळ,” कुणीतरी म्हणालं.

बंद होत नव्हतं. मॅडमनी कंपनीला लिहिलं होतं. कंपनीचं गोड उत्तर आलं होतं : भावना समजतात, पण आलेली भेट परत करता येत नाही, टाकूनही देता येत नाही. खात्यात आहे तोवर ती आपोआप वापरली जाणार. आणि ज्याच्या-त्याच्या खात्यात नव्वद दिवसांना पुरून उरेल एवढं साचलं होतं. एकच वाट होती. ते दुसऱ्या कुणाला तरी भेट देता येत होतं, त्याच केंद्रातल्या पेशंटला.

मॅडमनी हे सांगायला नको होतं, असं नंतर पुष्कळांना वाटलं. घरी पोचायच्या आत बायकांनी फोन काढले. आहेरात आलेली नावडती साडी घरोघर फिरावी तसं ते पाठबळ तासभर गावात फिरलं. हिने तिच्यावर ढकललं, तिने तिसरीवर. महिनाभर एका डब्यात जेवलेल्या बायका रस्त्यात एकमेकींना नको नको ते बोलल्या. मग एकीला खात्यातलं ‘भेट नको’ हे बटण सापडलं आणि पटापट सगळी दारं बंद झाली. ज्याच्याकडे जे होतं ते त्याच्याच गळ्यात राहिलं.

वैजयंताने पूर्ण यादी खालपर्यंत पाहिली. एकवीस नावांपुढे कुलूप होतं. बाविसावं दार उघडं होतं, कारण निर्मलाला यातलं काही ठाऊकच नव्हतं. सोमनाथची मुदत संपायला अकरा दिवस होते. शशिकांतची संपायला तीस.

दोन वेळा बोट टेकवलं की झालं असतं. तरी ती चपला घालून निघाली. वाण असं बसल्या जागी देऊ नये, घरी जाऊन द्यावं, असं तिने मनाला सांगितलं. माणूस वाईट करायला निघाला तरी रीत सोडवत नाही. वाटेत ती हिशेब घालत होती : त्याचा हात तर आलाच आहे. बटण लावतो. अकरा दिवसांत असं काय जाणार?

निर्मला नुकतीच मिलमधून आली होती. केसांवर डाळीचा पिवळा भुसा तसाच होता.

“या की वैनी. आन् हिकडं कुठं वाट चुकलाव?”

“काही नाही,” वैजयंता म्हणाली. “संक्रांतीला तुमचं वाण राहून गेलं होतं. ते द्यायला आले.”

निर्मला बघतच राहिली. मग तिने दोन्ही हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि मोरीत जाऊन धुऊनच आली.

“आठ वर्सं झाली,” ती म्हणाली. “ह्यांच्या माघारी मला वाण म्हणून कुणी काय दिलं न्हाई. मी बी कधी मागितलं न्हाई. मागायची गोष्ट हाय का ती? पर त्या दिवशी तुमी समद्या एकमेकींच्या फोनात बघून हसत हुता, तवा मला लई लागलं बगा. द्या की. कसं घ्यायचं असतंय?”

आतल्या खोलीत सोमनाथ खेळत होता. आंबा पाटीबाहेर पडल्याचा आवाज आला आणि त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली. पुन्हा आवाज झाला. पुन्हा शिवी.

वैजयंताचा अंगठा फोनवर होता. तिच्या मनात त्या वेळी थोर असं काही आलं नाही. शशिकांतचा पेला आला, बंद दुकान आलं, तीस दिवस आले. पण समोर दोन ओले हात पसरलेले होते आणि त्या हातांवर हे ठेवणं तिच्याने होईना. ती खालीच बसली आणि रडायला लागली. रडत रडतच तिने सगळं सांगितलं. वाणाचं, पेल्याचं, कुलपांचं, आणि आपण आत्ता कशासाठी आलो होतो तेही.

निर्मलाने पसरलेले हात मागे घेतले.

“म्हंजी तुमी मला वाण दिलं न्हाई म्हणून माझ्या पोराचा हात आला.”

“हो.”

“आन् आज ते द्यायला आलता.”

“हो.”

“दावा मला कुठलं बटन त्ये.”

वैजयंताने निर्मलाचा तडा गेलेला फोन हातात घेतला आणि सोमनाथच्या नावापुढचं दार स्वतःच्या अंगठ्याने बंद केलं. बावीसही कुलपं लागली. आपल्या नवऱ्याची सुटायची शेवटची वाट आपण बुजवली, हे तिला लख्ख कळत होतं. पाच मिनिटांत निर्मलाचा फोन वाजला : सुरवसे यांची भेट स्वीकारली गेली नाही. मग तुकडीतल्याच आणखी एकीची. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या.

“अकरा दिसांनी पोराची मुदत सरती,” निर्मला म्हणाली. “एकदा जाळी बसली म्हंजी त्याला काय बी दिलं तरी सोसंल, न्हवं? तवा मी दार उघडीन. समद्यांचं घिईन. पर बसल्या जागी ढकलायचं न्हाई. घरी यायचं. हळदकुकू घिऊन, रीतीनं. येत असल्या तर या, न्हाई तर ऱ्हावा तशाच.”

शशिकांतला सांगणं त्याहून अवघड गेलं. तो खिडकीशी बसून ऐकत होता.

“म्हणजे त्यो मी न्हवतोच,” शेवटी तो म्हणाला. “ते तीनशे आंबे. त्यो दुसराच कोणतरी हुता.”

“मी फक्त तुम्हांला हसताना...”

“कळतंय गं मला. म्हणून तर तुला बोलता बी येईना.” त्याने डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवला. “आन् समज, तू देऊन आली असतीस, तर? त्या पोराचा हात घिऊन मी लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवायचा का?”

अकरा दिवस त्याने पट्टा बांधला नाही. खोटा आंबा तोडण्यापेक्षा हात रिकामा बरा, असं मॅडमनीच सांगितलं होतं. रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक चौकोन तिच्या डोळ्यांदेखत वाया जात होता, आणि कुणाला दोष द्यावा तर आरसा सोडून जागा नव्हती. वैजयंता घरोघर गेली. काहींनी दार उघडलं नाही. सुरवसेवैनी म्हणाल्या, “विधवेच्या दारात हळदकुंकू घेऊन? लोक काय म्हणतील?” वैजयंता म्हणाली, “लोकांना पेला उचलायचा नाहीये.”

बाराव्या दिवशी निर्मलाच्या दारात सतरा बायका आल्या. सुरवसेवैनी सगळ्यांत शेवटी आल्या, पण आल्या. अंगणात सतरंजी घातली होती. कोयरी वैजयंताच्या हातात होती. निर्मलाच्या कपाळापाशी तिचं बोट क्षणभर थांबलं, नको म्हणून नाही, तर आपली ही लायकी आहे का म्हणून. मग तिने कुंकू टेकवलं. निर्मलाने डोळे मिटले होते. तिच्या बंद पापण्यांखालून पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही.

“घ्या आता,” ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

सतरा घरांचं पाठबळ एका दुपारी सोमनाथच्या खात्यात गेलं. त्याने गंमत म्हणून पट्टा बांधून पाहिला, तर नुसतं मनात आणलं तरी आंब्यांचा ढीग पडायला लागला. संध्याकाळपर्यंत तो राज्यात पहिला होता, आणि कंपनीने त्याच्या चिकाटीचं अभिनंदन केलं. त्याने पट्टा काढून ठेवला आणि चहाचे कप बायकांना स्वतः नेऊन दिले, दोन्ही हातांनी ट्रे धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकांत पट्टा बांधून बसला. खात्यात शून्य होतं. त्याची मुदत अठरा दिवसांची उरली होती, आणि एवढ्यात वस्तरा धरण्याइतका हात येईल का हे अस्मा मॅडमही सांगू शकत नव्हत्या. त्याने दात आवळून जोर लावला. पडद्यावरचा हात जमिनीवरच राहिला. फांदीपर्यंत जाणं दूर, तो उचललाच गेला नाही. दोन महिन्यांनी दोघांनी तो हात पाठबळाशिवाय, खरा पाहिला.

त्याने तिच्याकडे पाहिलं. नजरेत भीती होती, आणि ती त्याने लपवली नाही.

वैजयंताच्या मांडीवर फोन थरथरला. शशिकांतराव आज हरत आहेत. त्यांना पाठबळ द्याल?

तिचा अंगठा सवयीने पुढे झाला. एका नारळाच्या किमतीत तो आत्ता हसला असता. तिने फोन उपडा ठेवला, त्यावर हात दाबून धरला आणि नजर न हलवता त्याच्याकडे बघत बसली.

“पुन्हा,” ती म्हणाली.

तो पुन्हा हरला.